औषध देताना कुठे थांबायचं?

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. हे पाच नियम नर्सिंगच्या पहिल्याच वर्षाला पाठ होतात आणि तोंडी परीक्षेत एका दमात म्हणून दाखवता येतात. तरीही चुका होतात, आणि पुष्कळदा त्या हेच नियम दुसऱ्यांना शिकवणाऱ्या, कामात तरबेज असलेल्या सिस्टरच्या हातून होतात. काय तपासायचं ते नियम सांगतात. भरलेल्या वॉर्डात रात्री दोघीच ड्युटीवर असताना तपासायला नेमकं कुठे थांबायचं, हे मात्र आपलं आपल्याला ठरवावं लागतं. या लेखात त्या थांबण्याच्या जागा सांगायच्या आहेत.

डॉक्टरांची लिहिण्यात चूक झाली तर ती फार्मसिस्टच्या नजरेला येऊ शकते. फार्मसिस्टकडून चुकलं तर वॉर्डात पकडता येतं. पण सिस्टरच्या किंवा ब्रदरच्या हातातली सिरिंज कॅन्युलाला लागली की पुढे अडवणारं कोणी उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी गंभीर आणि टाळता येण्याजोगी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. ही हानी टळायची तर ती शेवटी खाटेपाशीच टळणार आहे. म्हणून थांबण्यात गेलेला वेळ कामातून वजा करू नका, तो कामातच धरा.

मध्येच येणारी हाक

सिडनीतल्या दोन मोठ्या रुग्णालयांत संशोधकांनी ९८ नर्सेसचं काम जवळ उभं राहून पाहिलं. चार हजारांहून अधिक वेळा औषध देताना नोंदी घेतल्या आणि २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्याहून अधिक वेळा कोणी ना कोणी मध्येच काम तोडलं होतं, आणि अशा प्रत्येक व्यत्ययागणिक चुकांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होतं. आपल्या वॉर्डात हे वेगळं सांगायला नको. अँप्यूल फोडलेली असते आणि तेवढ्यात "सिस्टर, सलाईन संपत आलंय" अशी हाक येते, लॅबचा फोन वाजतो, मामा एक्स-रेला न्यायला ट्रॉली घेऊन दारात उभे असतात.

सगळे व्यत्यय बंद होणार नाहीत, पण बरेचसे आधीच उरकता येतात. औषधांचा राउंड सुरू करण्यापूर्वी एक फेरी मारा. कोणाची बाटली संपत आली आहे, कोणाला बेडपॅन हवंय, कोणाच्या हातावर सूज आहे, हे पाहून घ्या. या फेरीला दहा-पंधरा मिनिटं जातात, पण पुढचा तास शांत मिळतो. दोघी ड्युटीवर असाल तर औषधांच्या वेळेला फोन आणि हाका एकीने घ्यायच्या, दुसरीने ट्रॉली सोडायची नाही, असं सरळ वाटून घ्या. "औषध भरतेय, हे झालं की येते" असं नातेवाइकांना सौम्यपणे सांगितलं तर बहुतेक जण थांबतात.

आणि काम मध्येच तुटलंच, तर जिथे सोडलं तिथून पुढे जाऊ नका. लेबल वाचण्यापासून पुन्हा सुरुवात करा. ट्रेमध्ये अर्धवट भरलेली, वर काहीच न लिहिलेली सिरिंज सापडली, तर ती टाकून द्या, मग ती तुम्ही स्वतः भरलेली असली तरी. "हे बहुतेक ऑन्डान्सेट्रॉनच असेल" यातल्या ‘बहुतेक’वर शिरेत काहीही जाता कामा नये.

नाव विचारायची पद्धत

"तुम्हीच ना शिंदे आजोबा?" या प्रश्नाला वॉर्डातले निम्मे आजोबा "हो" म्हणतील. काहींना नीट ऐकू येत नाही, काही गुंगीत असतात, आणि सिस्टरला नाही कसं म्हणायचं म्हणून काही जण नुसती मान हलवतात. म्हणून नाव आपण सांगायचं नाही, त्यांच्याकडून वदवून घ्यायचं: "आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा बघू." मग ते केसपेपरशी आणि हातातल्या पट्टीवरच्या नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहायचं. बेड नंबर ही ओळख नव्हे. खिडकीजवळची किंवा पंख्याखालची खाट मोकळी झाली की नातेवाईक पेशंटला परस्पर तिकडे हलवतात, हे प्रत्येक सिस्टरला ठाऊक आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. एकाच वॉर्डात दोन पाटील, तीन जाधव असणं नेहमीचं. मधलं नाव वाचल्याशिवाय ते वेगळे होत नाहीत. बाळंतपणाच्या वॉर्डात तर आधार कार्डावर माहेरचं नाव, केसपेपरवर सासरचं आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर तिसरंच काही, असं पुष्कळदा आढळतं. तिथे नाव विचारताना दोन्ही नावं विचारा आणि नोंदणी क्रमांकावर भरवसा ठेवा.

ओळख पटवतानाच अॅलर्जीही विचारून घ्या, पण त्यांच्या भाषेत. "अॅलर्जी आहे का?" याला "नाही" हे ठरलेलं उत्तर येतं. "कधी कुठल्या गोळीनं किंवा सुईनं अंगावर गांधी उठल्या होत्या का? तोंड सुजलं होतं का? दम लागला होता का?" असं विचारलं की दहा वर्षांपूर्वीचं पेनिसिलिन आठवतं. कळल्याबरोबर केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा. आतल्या पानांत लिहिलेलं रात्रपाळीला दिसत नाही.

ऑर्डर वाचताना

२०१६ साली तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं नियमातच घातलं. प्रत्यक्षात काय दिसतं ते तुम्ही रोज पाहता. तीन ठिकाणी डोळे विशेष उघडे ठेवा. युनिट्सऐवजी नुसतं ‘यू’ हे इंग्रजी अक्षर लिहिलं की घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि १० युनिट्सचे १०० होतात. दशांश चिन्हाआधी शून्य नसलं की .५ चे ५ होतात. आणि चिन्हानंतर विनाकारण शून्य असलं की ५.० चे ५० होतात. तुम्ही स्वतः चार्टवर उतरवून घेताना ‘युनिट्स’ पूर्ण लिहा, ०.५ लिहा आणि नुसतं ५ लिहा.

नावांचा गोंधळ आणखी वेगळा. कार्बिमाझोल थायरॉइडसाठी, कार्बामाझेपिन फिटसाठी. डोपामाइन आणि डोब्युटामाइन. सेफोटॅक्झिम, सेफ्टाझिडिम आणि सेफ्ट्रायअॅक्सोन. औषध आणि रुग्णाचा आजार यांचा मेळ लागत नसेल, तर तिथेच थांबा. ‘या माणसाला हे औषध कशासाठी?’ याचं उत्तर स्वतःला देता आलं नाही तर औषध देऊ नका, विचारा.

फोनवरची ऑर्डर घ्यावीच लागली तर आधी लिहून घ्या, मग लिहिलेलं डॉक्टरांना वाचून दाखवा आणि त्यांच्याकडून "बरोबर" ऐकल्यावरच ठेवा. इंग्रजीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडे सुटे म्हणा: एक-पाच, पाच-शून्य. अलीकडे व्हॉट्सअॅपवर ऑर्डरचा फोटो येतो. त्यात रुग्णाचं नावच नसेल तर ती ऑर्डर कोणाची हे पुन्हा विचारलंच पाहिजे.

शंका विचारायला नव्या सिस्टर बिचकतात. पहाटे तीनला रेसिडेंट डॉक्टरांना उठवायचं म्हणजे बोलणी खावी लागतील, ही भीती खोटी नाही. त्यासाठी एक वाक्य तयार ठेवा: "सर, चार्टवर ५० लिहिलंय, एरवी आपण ५ देतो. मी औषध थांबवलंय, तुम्ही एकदा बघून सांगा." यात आरोप नाही, माहिती आहे, आणि औषध थांबवल्याचं स्पष्ट सांगितलंय. उत्तर पटलं नाही तर इन्चार्ज सिस्टरना किंवा वरच्या डॉक्टरांना सांगा. हा तुमचा हक्क आहे आणि तो वापरल्याबद्दल कोणी रागावलं तर राग त्यांच्याकडे राहू द्या.

इन्सुलिन

इन्सुलिनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण भारतात त्यात एक सापळा आहे. आपल्याकडे ४० युनिट्स प्रति मिलिलीटर आणि १०० युनिट्स प्रति मिलिलीटर अशा दोन्ही ताकदीच्या कुप्या मिळतात, आणि दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या. ४०च्या सिरिंजला साधारणपणे लाल टोपण असतं, १००च्या सिरिंजला केशरी. आता समजा ऑर्डर २० युनिट्सची आहे, हातात १००ची कुपी आहे आणि ट्रेमध्ये लाल टोपणाची सिरिंज. तुम्ही विसाच्या रेघेपर्यंत अगदी काटेकोर भरलंत. सिरिंजमध्ये अर्धा मिलिलीटर आलं, म्हणजे ५० युनिट्स. अडीचपट डोस गेला, आणि रेघ मात्र बरोबर वीसच दाखवतेय. उलट झालं, म्हणजे ४०ची कुपी आणि केशरी सिरिंज, तर वीसच्या रेघेला ०.२ मिलिलीटर येतं आणि रुग्णाला मिळतात फक्त ८ युनिट्स. साखर उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात, पुढच्या पाळीत कोणी बरोबर सिरिंज घेतं आणि रुग्ण घामाघूम होऊन बेशुद्ध पडतो.

म्हणून इन्सुलिन भरताना कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून मोठ्याने वाचा. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन कधीही ओढू नका. आणि दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्याल तेव्हा "वीस भरलेत, बघ" असं सांगून दाखवू नका. आकडा तिच्या कानावर पडला की तिला तोच दिसतो. तिच्या हातात चार्ट, कुपी आणि सिरिंज द्या, आणि "किती आहेत?" एवढंच विचारा.

जेवणाचं ताट समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन देऊ नका. किचनची गाडी अर्धा तास उशिरा येणं ही नवलाई नाही. सकाळी आणखी एक प्रश्न विचाराच: "आज उपवास आहे का?" एकादशी, चतुर्थी, नवरात्र, रोजे यांच्या दिवशी पेशंट डॉक्टरांना न सांगता जेवण वगळतात आणि गोळी-इन्सुलिन मात्र नेहमीचं घेतात. त्यांच्या श्रद्धेवर बोलू नका. डॉक्टरांना कळवा म्हणजे डोस बदलता येईल. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली आली आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना सांगा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका.

कपाटातल्या धोकादायक कुप्या

पोटॅशियम क्लोराइडची १० मिलिलीटरची अँप्यूल आणि डिस्टिल्ड वॉटरची १० मिलिलीटरची अँप्यूल रात्रीच्या अपुऱ्या उजेडात बहिणी-बहिणी दिसतात. पहिलीत १५ टक्के द्रावण, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. ते सरळ शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. म्हणून या अँप्यूल एका ट्रेत ठेवूच नयेत. पोटॅशियमसाठी वेगळा, लाल पट्टी लावलेला, शक्य असेल तर कुलूपबंद कप्पा हवा. सलाईनमध्ये घालताना बाटली खाली उतरवा, ड्रिप बंद करा, औषध घाला, बाटली आठ-दहा वेळा उलटसुलट करा, लेबल लावा आणि मग टांगा. टांगलेल्या बाटलीत सुई खुपसून घातलं तर पोटॅशियम नीट मिसळत नाही, तोंडाशी साठून राहतं आणि एकदम आत जातं. साध्या वॉर्डात, हातावरच्या शिरेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा वेग जाऊ देऊ नका.

हेपरिनच्या ५ मिलिलीटरच्या कुप्या दोन ताकदींत येतात: एकीत एकूण ५,००० युनिट्स, दुसरीत २५,०००. एक मिलिलीटरमध्ये किती आणि अख्ख्या कुपीत किती, हे दोन्ही आकडे लेबलवर शोधा. व्हॅन्कोमायसिन तासाभरापेक्षा कमी वेळात देऊ नका, अंग लाल होऊन रक्तदाब कोसळू शकतो. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, कारण डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे कण तयार होतात, आणि वेग मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या आत.

प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट महत्त्वाचं. गरोदर बाईला झटके आल्यावर हे औषध तिचा जीव वाचवतं. नेहमीची अँप्यूल ५० टक्क्यांची, २ मिलिलीटरमध्ये १ ग्रॅम. शिरेतून द्यायचा ४ ग्रॅमचा डोस म्हणजे ८ मिलिलीटर, त्यात १२ मिलिलीटर डिस्टिल्ड वॉटर घालून २० टक्के करायचा आणि सावकाश द्यायचा. त्यानंतर दर चार तासांनी स्नायूत पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: गुडघ्याचा झटका येतो का, श्वास मिनिटाला १६ पेक्षा जास्त आहे का, लघवी तासाला निदान ३० मिलिलीटर होते आहे का. यातली एक जरी नसेल तर डोस थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. कॅल्शियम ग्लुकोनेटची अँप्यूल आधीपासून खाटेशेजारी काढून ठेवा. श्वास थांबायला लागल्यावर कपाटाची किल्ली शोधण्यात वेळ जाता कामा नये.

लहान मुलं

मुलाचं वजन आज करा. आईने सांगितलेलं वजन अनेकदा शेवटच्या लसीच्या वेळचं असतं. समजा बाळ १२ किलोचं आहे आणि पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम द्यायचंय, म्हणजे १८० मिलिग्रॅम. ५ मिलिलीटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ७.२ मिलिलीटर, २५०चं असेल तर ३.६. पण थेंबांची बाटली असेल आणि तिच्या १ मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम असेल तर फक्त १.८ मिलिलीटर. तीनही बाटल्यांवर औषधाचं नाव एकच. डिस्चार्ज देताना आईला ‘एक चमचा’ सांगू नका. घरातला चमचा कुठला निघेल सांगता येत नाही. तोंडाने औषध द्यायची सिरिंज तिच्या हातात द्या, त्यावर कुठपर्यंत भरायचं ते पेनाने खूण करून दाखवा आणि तिच्याकडून एकदा भरून घ्या.

बाहेरून आलेली आणि घरून आणलेली औषधं

सरकारी वॉर्डात चिठ्ठी घेऊन मेडिकलला गेलेला मुलगा परत येतो आणि म्हणतो, "ते नव्हतं, म्हणून त्यांनी हे दिलं." पिशवी उघडताना नाव, ताकद आणि मुदत तिन्ही वाचा. ब्रँडचं नाव बाजूला ठेवून खालचं बारीक अक्षरातलं जेनेरिक नाव चिठ्ठीशी जुळवा. आणि उशीखाली काय आहे तेही विचारा. बीपीची घरची गोळी सकाळी सूनबाईने दिलेली असते आणि नऊ वाजता तीच गोळी वॉर्डातूनही जाते.

मेथोट्रेक्सेट सांधेदुखीसाठी असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. रोज गेलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी कमी होतात, माणूस दगावू शकतो. चार्टवर वार लिहा आणि रुग्णालाही वारच सांगा: "आजी, ही गोळी फक्त रविवारी."

राइल्स ट्यूबमधून द्यायच्या गोळ्या कुटण्याआधी पट्टी वाचा. एसआर, एक्सआर, सीआर अशी अक्षरं असलेली गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एकदम सुटतो. डॉक्टरांना दुसरं रूप लिहून द्यायला सांगा.

औषध स्वतः काय सांगतं

२०१७ साली अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका मोठ्या रुग्णालयात तपासणीला नेलेल्या वृद्ध महिलेला गुंगीचं मिडाझोलाम द्यायचं होतं. औषधांच्या यांत्रिक कपाटात नर्सने ब्रँडनावाची पहिली दोन अक्षरं टाकली आणि हातात आलं व्हेक्युरोनियम, जे स्नायू लुळे करून श्वास थांबवतं. बाई गेली. नर्सवर खटला चालला, २०२२ साली ती दोषी ठरली आणि तिला तीन वर्षांच्या देखरेखीखालच्या प्रोबेशनची शिक्षा झाली. यात आपल्यासाठी शिकण्यासारखं बारीक आहे. मिडाझोलाम तयार द्रव असतं. ही कुपी पावडरची होती, ती विरघळवावी लागली, आणि टोपणावर स्नायू लुळे पडण्याचा इशारा छापलेला होता. रोजच्या औषधात नवं काही दिसलं, म्हणजे एरवी द्रव असणारं आज पावडर, एरवी एक अँप्यूल लागते तिथे आज पाच, एरवीपेक्षा वेगळा रंग, तर हात थांबला पाहिजे. एका डोससाठी चारपाच अँप्यूल फोडाव्या लागत असतील, तर बहुधा आपलं गणित चुकलंय.

दिल्यावर सही करा, आधी नाही. आधी सह्या करून ठेवलेला चार्ट पाहून पुढची पाळी डोस गेला असं धरते. दिलं नसेल तर का नाही तेही लिहा. दुसरीने भरलेलं औषध तुम्ही देऊ नका आणि तुम्ही भरलेलं दुसरीकडे सोपवू नका.

चूक कळल्यावर

आधी रुग्णाकडे जा. नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध पाहा. औषध अजून चालू असेल तर बंद करा, शिरेची लाइन मात्र काढू नका, उलट औषध द्यायला ती लागेल. मग लगेच डॉक्टरांना सांगा, काय गेलं, किती गेलं, किती वाजता. अंदाज नाही, वस्तुस्थिती. रिकामी अँप्यूल आणि सिरिंज जपून ठेवा. केसपेपरवर घडलं तेवढंच लिहा, कोणाला दोष देऊ नका आणि नंतर खाडाखोड करू नका. रुग्णाला आणि घरच्यांना डॉक्टरांसोबत सांगायचं असतं, लपवायचं नसतं.

इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रन यांना एक विनंती आहे. चूक सांगायला आलेल्या मुलीला वॉर्डात सगळ्यांसमोर उभं करून बोललात तर पुढची चूक तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही. थोडक्यात टळलेल्या चुकाही लिहून घ्या, त्या फुकट मिळालेली सूचना असतात. औषधामुळे रुग्णाला काही त्रास झाला असा नुसता संशय असला तरी भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे कळवता येतं. त्याचा फॉर्म नर्सलाही भरता येतो, टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४.

आणि पोटॅशियमची अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेत सापडली, तर कमिटीच्या बैठकीची वाट पाहू नका. त्याच पाळीत ती वेगळ्या कप्प्यात हलवा, कप्प्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि पुढच्या पाळीच्या सिस्टरला हँडओव्हरमध्ये कप्पा प्रत्यक्ष दाखवून सांगा, की ती आता इथे आहे, आणि का.